मोठ्या आपत्तीसाठी वस्तीतल्या रहिवाशांचे पथक कसे घडवावे

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटीत भूकंप झाला, तेव्हा कसलेही प्रशिक्षण नसलेल्या नागरिकांनी ढिगारे उपसून सुमारे ८०० माणसे जिवंत बाहेर काढली. ते करताना त्यांच्यातलेच शंभराहून अधिक जण प्राणाला मुकले. १९९५ साली जपानमधल्या कोबे शहरातही ढिगाऱ्यातून बाहेर आलेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढले होते. मोठी आपत्ती येते तेव्हा रस्ते बंद असतात, फोन लागत नाहीत आणि बंबांपेक्षा हाका जास्त असतात. पहिले काही तास, कधी पहिले दोन-तीन दिवस, शेजारीच शेजाऱ्याला वाचवतो.

जपानमधली भूकंपाची तयारी आणि मेक्सिकोतला अनुभव पाहून लॉस एंजेलिस शहराच्या अग्निशमन विभागाने १९८५ मध्ये नागरिकांना पद्धतशीर शिकवायला सुरुवात केली. १९९३ पासून तोच अभ्यासक्रम अमेरिकेत देशभर गेला आणि पुढे इतर देशांनीही तो आपापल्या गरजेप्रमाणे घेतला. या लेखातली बरीचशी पद्धत त्याच परंपरेतली आहे.

माणसे धावून जाणारच आहेत. हिंमत शिकवावी लागत नाही. शिकवायचा असतो तो क्रम: आधी थांबायचे, पाहायचे, ठरवायचे आणि मगच हात घालायचा. पुढच्या प्रत्येक पायरीत हा क्रम आहे.

पायरी १ : बैठकीआधी वस्ती पायी फिरून पाहा

दोन-तीन जणांनी वस्तीचा हाताने काढलेला नकाशा घेऊन एक फेरी दिवसा मारावी आणि एक अंधार पडल्यावर. प्रत्येक इमारतीची वीज, पाणी आणि गॅस नेमका कुठून बंद होतो ते नकाशावर मांडा. बंब शिरू शकणार नाही अशा गल्ल्या, पाणी साचणारे सखल भाग, इंधनाचे किंवा रसायनांचे साठे, लोंबणाऱ्या तारा, कमकुवत सज्जे आणि कुंपणभिंती, विहिरी व टाक्या, मोकळी मैदाने हेही दाखवा. अंधारातली फेरी टाळू नका. दिवसा सहज दिसणारा मेन स्विच रात्री टॉर्चच्या उजेडात सापडत नाही, आणि उघडे गटार तर दिसतच नाही.

मग धोक्यांची यादी करा. प्रत्येक धोक्यापुढे दोनच प्रश्न: घडण्याची शक्यता किती, आणि घडला तर किती माणसांना झळ बसेल. त्यातून पहिले तीन धोके निवडा. भूकंप, पूर, वादळ, आग, दरड, रासायनिक गळती यांपैकी काहीही निवडले तरी प्रशिक्षणाचा निम्म्याहून जास्त भाग सारखाच राहतो. तरीही तीन धोके ठरवणे गरजेचे आहे, कारण एकत्र जमायची जागा त्यांवरच ठरते. भूकंपात मोकळे मैदान हवे, पुरात उंच जागा. मैदान सखल असेल तर जागा दोन लागतील, आणि कोणत्या वेळी कुठे जायचे हे सगळ्यांना पाठ असले पाहिजे.

यानंतर लगेच स्थानिक अग्निशमन दल आणि आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाला भेटा. त्यांना चार गोष्टी विचारा: आमची माहिती तुमच्यापर्यंत कशी पोचवायची, तुमची माणसे आली की सूत्रे कोणाकडे द्यायची, स्वयंसेवकांची नोंदणी व विमा होतो का, आणि प्रथमोपचार शिकवायला कोण येईल. ही भेट पुढे ढकलणाऱ्या पथकांची प्रत्यक्ष वेळ आली की अडचण होते. ओळख नसलेल्या माणसांना पोलीस दोरीच्या आत सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पायरी २ : माणसे जमवा, पण कामे आधी ठरवा

गडबडीत एक माणूस तीन ते सात जणांवर लक्ष ठेवू शकतो. पाच ही सर्वांत सोयीची संख्या आहे. म्हणून पथक कितीही मोठे झाले तरी ते पाचांच्या तुकड्यांत बांधा: शोध व सुटका, आग आणि वीज-गॅस, जखमींची देखभाल, निरोप आणि नोंदी, सामान. वर एक पथकप्रमुख. प्रमुखाचे पद ठरावीक माणसाला चिकटवू नका. जमायच्या जागी जो प्रशिक्षित सदस्य पहिला पोचेल तो प्रमुख. जास्त अनुभवी माणूस आला की तोंडी माहिती देऊन सूत्रे सोपवायची. ठरलेला प्रमुख गावाबाहेर असेल किंवा स्वतःच अडकला असेल, तर बाकीच्यांनी त्याची वाट पाहत बसायचे नसते.

ओझे उचलता न येणाऱ्यांना परत पाठवू नका. नोंदवही सांभाळणारा, वायरलेस ऐकणारा, घाबरलेल्या मुलांजवळ बसणारा माणूस तितकाच लागतो. चांगली नोंद ठेवणारा माणूस मिळणे खरे तर पहार चालवणाऱ्यापेक्षा अवघड असते. कोण आत गेले, किती वाजता गेले, बाहेर आले का, एवढे लिहिलेले नसेल तर आपलीच माणसे हरवतात.

दोन याद्या करा. पहिली कौशल्यांची: परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, गवंडी, खुणांची भाषा येणारे, शिडी, जाड दोर, जनरेटर कोणाकडे आहे. दुसरी गरजांची: अंथरुणाला खिळलेले, ऑक्सिजनवर किंवा डायलिसिसवर असलेले, इन्सुलिन घेणारे, ऐकू न येणारे, तान्ही बाळे. ही दुसरी यादी लोकांच्या संमतीनेच करायची. ती बंद पाकिटात, दोन वेगळ्या घरांत ठेवा. मोबाइलच्या गटात कधीही टाकू नका. एकटी राहणारी वृद्ध माणसे कोणत्या घरात आहेत हे नको त्यालाही कळते.

पायरी ३ : प्रत्येक सदस्याचे घर

ज्याच्या घरी पाणी नाही आणि मुले कुठे आहेत हे ठाऊक नाही, तो सदस्य कामाला येत नाही. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी हा गृहपाठ द्या.

माणशी दिवसाला ४ लिटर पाणी; निम्मे पिण्यासाठी, बाकी स्वयंपाक आणि स्वच्छतेसाठी. किमान तीन दिवसांचा साठा, जागा असेल तर दोन आठवड्यांचा. शंकास्पद पाणी खळखळून एक मिनिट उकळा. दोन हजार मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटे. उकळणे शक्य नसेल तर सुगंध किंवा रंग नसलेले साधे घरगुती ब्लीच, ज्यात ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असते, लिटरला २ थेंब टाकून अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळा आणि ४ थेंब टाका. अर्ध्या तासाने क्लोरीनचा पुसट वास यायला हवा. वास नसेल तर तेवढेच थेंब पुन्हा टाकून आणखी पंधरा मिनिटे थांबा. ब्लीचने जंतू मरतात. इंधन किंवा रसायन मिसळलेले पाणी त्याने शुद्ध होत नाही, उकळूनही होत नाही.

नेहमीची औषधे आठवडाभराची. कागदपत्रांच्या प्रती. परगावच्या एका नातेवाइकाचा क्रमांक, जो घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. गावातल्या गावात फोन लागत नसताना बाहेरचा क्रमांक बऱ्याचदा लागतो, आणि बोलणे होत नसेल तरी एसएमएस जातो. पलंगाच्या पायाशी पिशवीत जाड तळव्याचे बूट आणि टॉर्च बांधून ठेवा. रात्रीच्या भूकंपानंतर अनवाणी पाय काचांवर पडतो आणि मदत करणारा पहिल्याच मिनिटात जखमी होतो.

उंच कपाटे भिंतीला पट्ट्यांनी जखडा, पलंग खिडकीपासून दूर घ्या. वीज बंद करताना आधी एकेक सर्किट, शेवटी मुख्य स्विच. चालू करताना उलट, आधी मुख्य आणि मग एकेक. स्विचपर्यंत जायला पाण्यात पाय घालावा लागत असेल तर जायचे नाही. गॅसचा वास आला तर कोणतेही बटण दाबू नका, चालू असलेले बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. खिडक्या-दारे उघडून बाहेर पडा. पाइपचा गॅस असेल तर झडप बाहेरून बंद करा, आणि एकदा बंद केलेली झडप गॅस कंपनीच्या माणसाशिवाय कोणी उघडायची नाही.

पायरी ४ : वर्गांची आखणी

मूलभूत प्रशिक्षणाला सुमारे २० तास लागतात. अडीच तासांचे आठ वर्ग, आठवड्याला एक. सगळे एका शनिवार-रविवारी उरकायचा मोह होतो, पण हाताची कामे मधल्या दिवसांत मुरतात, आणि दोन दिवसांत ऐकलेले महिन्याभरात विसरते. एका वर्गात वीस-पंचवीस जणच घ्या. त्याहून जास्त झाले की मागचे नुसते बघत राहतात. प्रत्येक वर्गात निम्मा वेळ तरी हात चालले पाहिजेत.

सदस्याच्या पिशवीत हेल्मेट, डोळ्यांचा बंद चष्मा, एन-९५ मास्क, चामड्याचे हातमोजे, वैद्यकीय नायट्राइल हातमोजांच्या सात-आठ जोड्या, डोक्याला बांधायची टॉर्च, शिट्टी, जाड मार्कर, छोटी वही, पेन्सिल, रुंद चिकटपट्टी, चार रंगांच्या फिती. तुकडीसाठी सामायिक: दोन पहारी, लाकडी ठोकळे, पाचर, दोर, चादरी, स्ट्रेचर, पाना, अग्निशामक. एन-९५ मास्क धुळीपासून वाचवतो. धूर आणि वायू यांच्यापुढे त्याचा उपयोग नाही. हे पहिल्याच दिवशी सांगा, कारण मास्क लावला की माणसाला वाटते आता आत जाता येईल.

आग

रहिवाशांनी विझवायची आग म्हणजे कचऱ्याच्या डब्याएवढी. त्याहून मोठी असेल तर माणसे बाहेर काढायची, जाताना दार ओढून घ्यायचे आणि अग्निशमन दलाला कळवायचे. अग्निशामक हातात घेण्याआधी चार प्रश्न: मागे सुटकेची वाट मोकळी आहे का, सोबत जोडीदार आहे का, जळते आहे त्यावर हे अग्निशामक चालते का, आगीजवळ गॅस किंवा रसायने तर नाहीत ना.

साधारण दोन-अडीच मीटरवरून पिन ओढा, नळी ज्वाळांच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे झाडत जा. नवशिके ज्वाळेच्या शेंड्यावर मारतात आणि सगळी पावडर हवेत जाते. घरगुती आकाराचे अग्निशामक फार तर आठ ते वीस सेकंद चालते. पाच सेकंदांत आग दबताना दिसली नाही तर मागे हटा. तोंड आगीकडे ठेवूनच हटायचे, पाठ फिरवायची नाही. जोडीदार खांद्यावर हात ठेवून मागची वाट दाखवतो. तेलाच्या आणि विजेच्या आगीवर पाणी नाही. बंद दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने खालपासून वरपर्यंत तपासा. गरम असेल तर ते दार उघडायचे नाही.

पाहणी : आत जायचे की नाही

हा वर्ग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो घाईने उरकला जातो. इमारतीला बाहेरून पूर्ण वळसा घालायचा, चारही बाजू बघायच्या. समोरची भिंत शाबूत आणि मागची कोसळलेली असे नेहमीच आढळते. मग नुकसान तीनांपैकी एका वर्गात टाकायचे.

हलके नुकसान: काचा फुटलेल्या, गिलाव्याला वरवरचे तडे, सामान पडलेले. आत जाऊन पूर्ण शोध घ्यायचा. मध्यम: भिंतींना स्पष्ट तडे, सज्जा किंवा जिन्याचा भाग निखळलेला, पण इमारत पायावर उभी. इथे कमीत कमी माणसे, कमीत कमी वेळ. जखमीचा श्वासमार्ग मोकळा करायचा, जोरात वाहणारे रक्त थांबवायचे आणि त्याला लगेच बाहेर आणायचे. आत बसून मलमपट्टी करायची नाही. भारी: इमारत कलली आहे, पायावरून सरकली आहे, मजला खचला आहे, आत धूर, गॅसचा वास किंवा चढते पाणी आहे. इथे कोणीही आत जायचे नाही. बाहेरून हाका मारा, उत्तर आले तर जागा नोंदवा, फीत बांधून बाकीच्यांना अडवा आणि ही माहिती सर्वांत आधी अग्निशमन दलाला द्या.

निर्णय नेहमी वरच्या धोक्याच्या बाजूने. हलके की मध्यम अशी शंका असेल तर मध्यम धरा. प्रत्येक धक्क्यानंतर सगळ्यांनी बाहेर यायचे आणि पाहणी पुन्हा पहिल्यापासून. वर्गात पडझडीची छायाचित्रे दाखवून प्रत्येकाला वीस सेकंदांत वर्ग ठरवायला लावा आणि कारण विचारा. आतून मूल रडते आहे असे सांगून तेच चित्र पुन्हा दाखवा. बऱ्याच जणांचे उत्तर बदलते. मेक्सिको सिटीत माणसे याच क्षणी दगावली, म्हणून यावर तिथल्या तिथे मोकळेपणाने बोला.

शोध

आत दोघे, दाराशी एक. आत जाताना दाराजवळच्या भिंतीवर एक तिरकी रेघ, डावीकडे तुकडीचे नाव, वर वेळ. बाहेर आल्यावर दुसरी तिरकी रेघ मारून फुली पूर्ण करा: वर बाहेर आल्याची वेळ, उजवीकडे तपासलेला भाग आणि दिसलेले धोके, खाली सापडलेल्यांची संख्या. एकच रेघ दिसली तर त्याचा अर्थ आपली माणसे अजून आत आहेत. दुसरी रेघ विसरली तर बाहेरचे लोक न अडकलेल्यांच्या शोधासाठी आत जातात.

खोलीत शिरताच मोठ्याने हाक: "कोणी आहे का? आवाज द्या, नाहीतर काहीतरी वाजवा." मग एक मिनिट पूर्ण शांतता. हाक मारणे सगळ्यांना जमते. शांत राहणे शिकवावे लागते. उजव्या हाताने भिंत धरून फिरत राहिलात तर धुरकट अंधारातही त्याच भिंतीने दारापर्यंत परत येता. पलंगाखाली, टेबलाखाली, न्हाणीघरात, कपाटात पाहा, कारण मुले लपतात.

इशाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय बचाव पथके वापरतात तेच शिट्टीचे संकेत घ्या. तीन सेकंदांची एक लांब: काम थांबवा, शांतता. एक लांब, एक आखूड: काम पुन्हा सुरू. एकेक सेकंदाच्या तीन आखूड, पुन्हा पुन्हा: ताबडतोब बाहेर पडा. इथे एक घोळ होतो. अडकलेला माणूसही मदतीसाठी तीनदाच शिट्टी वाजवतो, हा संकेत जगभर शिकवला जातो. म्हणून बाहेर पडण्याच्या इशाऱ्यासाठी एकाच माणसाकडे वेगळ्या आवाजाचा हॉर्न ठेवा आणि तो आवाज वर्गात सगळ्यांना ऐकवा.

पुराचे पाणी शोधाच्या हिशेबात वेगळे. वाहते पाणी घोट्याच्या वर, पंधरा सेंटिमीटर असले तरी धडधाकट माणसाचा पाय सुटू शकतो. तीस सेंटिमीटर पाण्यात छोटी मोटार वाहून जाते. काठावरून काठी द्या, दोर किंवा तरंगणारे भांडे फेका. पाण्यात उतरणे प्रशिक्षित जलपथकाचे काम आहे.

उचलणे आणि टेकू देणे

पडलेल्या तुळईखाली पाय अडकला असेल तर पहारीची तरफ आणि लाकडी ठोकळ्यांची चवड लागते. सरावासाठी साधारण दहा बाय दहा सेंटिमीटर जाडीचे, अर्धा मीटर लांबीचे वीस-पंचवीस ठोकळे आणि काही पाचरी पुरेशा आहेत. दोन ठोकळे समांतर, त्यांवर आडवे दोन, पुन्हा उभे दोन, अशी चौकोनी चवड वजनाच्या दोन्ही बाजूंना रचत न्यायची. चवडीची उंची तिच्या पायाच्या रुंदीच्या तिपटीहून जास्त होऊ देऊ नका. पहारीचा टेकू वजनाच्या जवळ, घट्ट जमिनीवर, पहारीला काटकोनात. टेकू तिरपा लावला की पहार सटकते आणि दांडा धरणाऱ्याच्या तोंडावर येतो.

एक बोट वर उचला, एक बोट भरा. हे वाक्य तुकडीने मोठ्याने म्हणत काम करावे. उचललेल्या वजनाखाली ठोकळा किंवा पाचर सरकवल्याशिवाय पुढे उचलायचे नाही. ठोकळा सरकवताना बोटे त्याच्या बाजूंना, वर किंवा खाली कधीच नाही. हुकूम एकाच माणसाचा, आणि एक जण फक्त जखमीच्या चेहऱ्याकडे बघत त्याच्याशी बोलणारा. माणूस बाहेर आला की वजन त्याच क्रमाने खाली उतरवा; अर्धवट उचललेली तुळई सोडून जाऊ नका. शक्य असेल तिथे माणूस तासाभरापेक्षा जास्त दबलेला आहे का ते विचारा. मोठा स्नायू बराच वेळ चेपला गेला असेल तर वजन काढताच त्यात साठलेली द्रव्ये रक्तात येतात आणि हृदय थांबू शकते. अशा वेळी वैद्यकीय माणूस मिळू शकत असेल तर त्याला बोलावून मगच सोडवा.

जखमींची वर्गवारी

दहा जखमी आणि तीन मदतनीस असतील तर पहिल्या ओरडणाऱ्यापाशी थांबणे सर्वांत घातक. जो ओरडतो आहे तो श्वास घेतो आहे. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचच्या अग्निशमन विभागाने आणि होग रुग्णालयाने एक साधी पद्धत बसवली. तिला स्टार्ट म्हणतात. माणशी अर्ध्या ते एका मिनिटात ती पूर्ण होते. प्रत्येकाला एका रंगाची फीत बांधायची: लाल म्हणजे ताबडतोब उपचार हवा, पिवळा म्हणजे थोडा थांबू शकतो, हिरवा म्हणजे किरकोळ जखमी, काळा म्हणजे मृत.

आधी मोठ्याने सांगा: "ज्यांना चालता येते त्यांनी माझ्या आवाजाकडे या." आले ते हिरवे. त्यांना एका जागी बसवा, नावे लिहा; नाहीतर ते निघून जातात आणि मग आपण त्यांना ढिगाऱ्यात शोधत राहतो. मग उभे आहात तिथून सुरू करून ओळीने एकेकापाशी जा. श्वास चालू नाही? डोके मागे करून हनुवटी उचला. तरी नाही, पुन्हा एकदा करा, तरीही नाही तर काळा. श्वास सुरू झाला तर लाल. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त असेल तर लाल. तीसच्या आत असेल तर मनगटाची नाडी पाहा. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परततो का हेही पाहता येते, पण थंडीत आणि अंधारात ती खूण फसवी ठरते. नाडी लागली नाही तर लाल. लागली तर साधी आज्ञा द्या: "माझा हात दाबा." ऐकले नाही तर लाल, ऐकले तर पिवळा. तीस, दोन, ऐकतो: एवढेच पाठ ठेवायचे. फक्त दोन उपचारांसाठी थांबायचे, श्वासमार्ग आणि उसळणारे रक्त. साधारण एक ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आकडे वेगळे आहेत: श्वास मिनिटाला १५ पेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त असेल तर लाल, आणि श्वास थांबला असून नाडी लागत असेल तर काळी फीत बांधण्यापूर्वी तोंडाने पाच श्वास द्यायचे.

काळी फीत बांधणे सर्वांना जड जाते. एरवी आपण छाती दाबून हृदय चालू करायचा प्रयत्न करतोच. पण एका माणसासाठी दोघे अडकले की बाहेरची दोन-तीन लाल फितीची माणसे मदतीवाचून जातात. हे वर्गात स्पष्ट बोला आणि लोकांना त्यावर विचार करायला वेळ द्या. तालमीच्या दिवशी पहिल्यांदा कळता कामा नये. फीत कायमची नसते. सगळी फेरी झाली की पुन्हा पहिल्यापासून बघा. पिवळ्याचा लाल होतो.

उसळणारे रक्त आधी थेट दाबाने थांबवा, दोन्ही हात आणि शरीराचे वजन टाकून. हातापायाचे रक्त तरीही थांबत नसेल तर टूर्निकेट, म्हणजे आवळून रक्त थांबवायची पट्टी: जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळा, वेळ लिहा. माणूस दुखते म्हणून ओरडेल. सैल करू नका. दोरी किंवा तार वापरू नका, ती मांस कापते. पट्टी तीन-चार बोटे रुंद हवी.

जखमींची जागा ढिगाऱ्यापासून दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूला, गाडी पोचेल अशी. लाल, पिवळे, हिरवे वेगळ्या पट्ट्यांत, दोघांमध्ये गुडघे टेकायला जागा. मृतांची जागा नजरेआड.

मनाची काळजी

घाबरलेल्या माणसाला उपदेश नको. आपले नाव सांगा, त्याला सुरक्षित जागी बसवा, पाणी द्या, ऐका, जे खरोखर ठाऊक आहे तेवढेच सांगा, नातेवाइकांशी जोडून द्या. "काही होणार नाही" असे खोटे आश्वासन देऊ नका. काय पाहिले हे खोदून विचारू नका. पथकातल्या माणसांनाही हेच लागते. दोन-अडीच तासांनी सक्तीची विश्रांती द्या. दमलेला माणूस दमलो म्हणत नाही, त्याच्या हातून आधी चुका होऊ लागतात.

पायरी ५ : रंगीत तालीम

आधी टेबलावर: नकाशा पसरा, प्रसंग वाचा, "आता काय?" विचारत जा. यात निरोपांचे घोळ फुकटात सापडतात. त्यानंतर महिन्याभरात मैदानावर. पंधरा सदस्यांमागे आठ-दहा जण जखमी बनवा आणि प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड घाला: "श्वास ३६, मनगटाची नाडी लागते, बोलतो." एखादा बेशुद्ध, एखादा फक्त ओरडणारा, एखादा नातेवाईक जो सारखा आडवा येतो. मध्येच वायरलेस बंद पाडा, प्रमुखाला बेशुद्ध ठरवा, धक्क्याचा हॉर्न वाजवा आणि सगळे किती वेळात बाहेर येतात ते मोजा.

एक सुरक्षा अधिकारी असा ठेवा ज्याला दुसरे काम नाही आणि जो कोणतीही कृती थांबवू शकतो. प्रत्येक निरोपाच्या आधी आणि नंतर "ही तालीम आहे" म्हणायचे, नाहीतर ऐकणारा शेजारी खरोखरच बंब बोलावतो. खऱ्या दुखापतीसाठी वेगळा शब्द ठरवा. अग्निशमन केंद्राला आणि आसपासच्या लोकांना आधी कळवा.

तालीम संपल्याबरोबर, घरी जाण्याआधी, वीस मिनिटे बसा. काय व्हायला हवे होते, काय झाले, का झाले, काय बदलायचे आणि ते कोण कधीपर्यंत करणार. शेवटचा प्रश्न लिहून घेतला नाही तर पुढच्या वर्षी तेच घोळ पुन्हा होतात. कोणालाही नाव घेऊन झापू नका. बहुतेक चुका ठरवून दिलेल्या पद्धतीतच असतात: चावी कोणाकडे हे ठरलेले नसते, एकाच माणसावर तीन कामे असतात.

पायरी ६ : पथक टिकवणे

पहिल्या वर्षी उत्साह असतो, दुसऱ्या वर्षी माणसे गळतात. दर तीन महिन्यांनी दोन तासांचा एकच विषय ठेवा, एकदा टूर्निकेट, एकदा ठोकळे. वर्षातून एकदा पूर्ण तालीम. नवे रहिवासी आले की त्यांना "ठीक" आणि "मदत हवी" अशी दोन रंगांची पाटी द्या. आपत्तीनंतर खिडकीत किंवा दारावर ती लावली की शोध घेणाऱ्यांचा निम्मा वेळ वाचतो. पाटी नसलेल्या घराचे दार मात्र ठोठवायचेच.

अग्निशामकाचा काटा दर महिन्याला बघा. टॉर्चमधल्या बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवा, त्या फुटून टॉर्च गंजते. साठवलेले पाणी आणि ब्लीच दर सहा महिन्यांनी बदला. ब्लीचची ताकद आपोआप कमी होते. पाकिटातल्या दोन्ही याद्या त्याच दिवशी उघडून दुरुस्त करा, सामानाच्या कुलपाच्या चाव्या तीन वेगळ्या घरांत आहेत याची खात्री करा आणि त्या चाव्यांनी कुलूप खरोखर उघडते का तेही करून पाहा.